नाट्यटोरियम

एप्रिलच्या शेवटी आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन कागद आले. पहिला शाळा जिल्ह्याने टपालाने पाठवलेला. गुळगुळीत, रंगीत, त्यावर पुढचे दात पडलेली हसरी मुलं आणि खाली ठळक अक्षरांत ‘बॉण्ड मंजूर झाला तरी कराचा दर वाढणार नाही’. दुसरा कागद म्हणजे मी काउंटीच्या संकेतस्थळावरून छापून घेतलेली नमुना मतपत्रिका. तिच्यात त्याच बॉण्डच्या प्रत्येक प्रस्तावाखाली एक वाक्य होतं : ‘ही मालमत्ता करातली वाढ आहे’. मूळ इंग्रजीत हे वाक्य सबंध कॅपिटल अक्षरांत छापतात, कुणीतरी कानाशी येऊन ओरडावं तसं. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नसतात म्हणून तुम्ही थोडक्यात सुटलात.

बाबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्मा कपाळावर नेला आणि विचारलं, “यातलं खोटं कोण बोलतंय?”

“कुणीच नाही, बाबा. दोन्ही खरं आहे.”

“मग प्रकरण मोठं आहे,” असं म्हणून त्यांनी पेन्सिल मागवली.

बाबा सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. दर दोन वर्षांनी ते सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे टेक्सासला येतात आणि पहिला आठवडा संपायच्या आत काहीतरी तपासायला घेतात. मागच्या खेपेला कचऱ्याचं वर्गीकरण तपासलं होतं. या खेपेला शाळेचा बॉण्ड हाती लागला.

मी त्यांना मुळापासून सांगायला बसलो. डॅलसच्या उत्तरेला आमचं उपनगर आहे. इथली शाळा नगरपालिकेची नाही आणि थेट राज्याचीही नाही. ती ‘शाळा जिल्ह्या’ची असते, आणि या जिल्ह्याचा कलेक्टरशी काही संबंध नाही. त्याची हद्द वेगळी, निवडून आलेलं मंडळ वेगळं, कर वेगळा. टेक्सासात असे हजाराहून जास्त जिल्हे आहेत आणि बहुतेकांच्या नावातच ‘इंडिपेंडंट’ हा शब्द असतो. नवी शाळा बांधायची, जुन्या शाळेचं छप्पर बदलायचं, बस घ्यायच्या, तर जिल्हा रोखे, म्हणजे हे बॉण्ड, विकून कर्ज काढतो आणि पुढची वीस-पंचवीस-तीस वर्षं आमच्या घरपट्टीतून ते फेडतो. पण त्याआधी त्याला मतदारांना विचारावं लागतं : कर्ज काढू का?

बाबांची पेन्सिल थांबली. “छप्पर गळतं म्हणून मतदान?”

“हो.”

“आमच्या शाळेचं गळत होतं तेव्हा मी पंचायत समितीला अकरा पत्रं लिहिली. त्याऐवजी गावाला विचारलं असतं तर?”

“मग काय केलंत?”

“काय करणार, शेवटी गावालाच विचारलं. लोकवर्गणी. दोन वर्गांचे पत्रे झाले, वर तीन पंखे आले.” एका पंख्याच्या तीन पात्यांवर तीन भावांची नावं घातली होती. एकाच पात्यावर थोरल्याचं नाव आलं असतं तर वाटणीचा दावा उभा राहिला असता. “तू तीस वर्षं भरणार म्हणतोस, तर तुझं नाव कुठं घालणार आहेत?”

मी गप्प बसलो. तीस वर्षं भरून इथं पंख्याचं पातंही नशिबी नाही.

मग कराची फोड आली. आमच्या शाळा कराला दोन कप्पे आहेत. पहिला रोजच्या खर्चाचा : पगार, वीज, डिझेल. दुसरा फक्त कर्जफेडीचा. बॉण्डचे पैसे बांधकामाला आणि सामानाला चालतात, पगाराला चालत नाहीत. म्हणून इथं काचेच्या भिंतींची नवी शाळा दिसते आणि तिच्यातल्या मास्तरीणबाई स्वतःच्या पैशाने वर्गासाठी पेन्सिली आणताना दिसतात. शिवाय पहिल्या कप्प्यातून श्रीमंत जिल्ह्यांचा काही वाटा राज्य काढून घेतं. १९९३ पासून ही रीत आहे आणि लोक तिला ‘रॉबिन हूड’ म्हणतात. दुसऱ्या कप्प्याला मात्र राज्य हात लावत नाही. आपल्याकडे सासूच्या नजरेआड ठेवलेल्या डब्यावर सुनेचा जीव असतो, तसा जिल्ह्याचा या दुसऱ्या कप्प्यावर असतो.

“नाव काय त्या कप्प्याचं?”

“इंटरेस्ट अँड सिंकिंग.”

बाबा खुर्चीत ताठ झाले. “सिंकिंग? सिंकिंग फंड?”

मी विसरलोच होतो. बाबा नऊ वर्षं आपल्या गृहनिर्माण सोसायटीचे खजिनदार होते. बांधकाम खर्चाच्या पाव टक्का दरसाल सिंकिंग फंडाला द्यायलाच हवा, हे त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या एका बिऱ्हाडाला पटवण्यात आयुष्याचा मोठा काळ घालवलाय. साता समुद्रापार आपला शत्रू आणि मित्र एकाच वेळी भेटावा तसा त्यांचा चेहरा झाला.

“म्हणजे तुमची ही सगळी सोसायटीच आहे की! फरक एवढाच, आम्ही आधी साठवतो आणि मग बांधतो. तुम्ही आधी बांधता आणि मग साठवता.”

“तुमच्या सोसायटीने साठवून काय बांधलं?”

“अजून साठवतोय,” बाबा म्हणाले.

आता दोन्ही कागद खरे कसे, ते. बाबांना मी स्कूटरचं उदाहरण दिलं. स्कूटरचे हप्ते संपत आले की माणूस म्हणतो, चला, तेवढ्याच हप्त्यात फ्रिज घेऊ, खिशाला काही जाणवणार नाही. जाणवत नाही हे खरंच. पण फ्रिज घेतला नसता तर ते पैसे खिशात राहिले असते, हेही खरं. जुनं कर्ज फिटत येतं, गावात घरं वाढतात, त्यांच्या किमती वाढतात आणि कर्जफेडीच्या कप्प्यात जागा होते. त्या जागेत नवं कर्ज बसवलं की दर तोच राहतो. पत्रक त्या दराबद्दल बोलतं. मतपत्रिका, न घेतलेल्या फ्रिजबद्दल.

हे ओरडणारं वाक्य २०१९ साली टेक्सासच्या विधिमंडळाने कायद्याने घालायला लावलं. दर वाढो, न वाढो, कमी होवो, शाळेच्या बॉण्डखाली ते छापायचंच. तंबाखूच्या पुडीवरच्या इशाऱ्यासारखं. पुडी घेणारा घेतोच, पण घेताना एकदा नजर दुसरीकडे वळवतो.

बाबांनी दरम्यान हिशेब मांडला होता. समजा घराचं मूल्यांकन ५ लाख डॉलर. राहत्या घराला शाळा करातून १ लाख ४० हजारांची सूट, ती २०२५ च्या नोव्हेंबरात मतदारांनीच १ लाखावरून वाढवून घेतली. उरले ३ लाख ६० हजार. शंभर डॉलरमागे ५ सेंट कर वाढला तर वर्षाला १८० डॉलर. पाठिंबा देणारे या आकड्याला नेहमी भागतात : महिन्याला १५, दिवसाला ४९ सेंट, म्हणजे कॉफीचा एक घोटही नाही. विरोध करणारे नेहमी गुणतात : तीस वर्षांत ५,४०० डॉलर, त्यात तुमच्या मुलीचं सामान येईल. आकडा एकच, पण मी दोन्ही पत्रकं वाचून दोन्ही वेळा मान डोलावली होती.

पण खरी गंमत दरात नाहीच, मूल्यांकनात आहे. टेक्सासात राज्याचा आयकर नाही, त्यामुळे बराच भार घरावर. दर एप्रिलमध्ये, नेमकं निवडणुकीच्या तोंडावर, आपलं घर किती लाखांचं झालं याचं पत्र येतं. आपली मालमत्ता वाढली हे वाचून जिथं घरात सुतक पडतं, अशी दुसरी जागा मला माहीत नाही. मग हरकत नोंदवायची. एरवी पाहुण्यांना हाताला धरून “हा ग्रॅनाइटचा ओटा बघा” म्हणणारा मी, गेल्या वर्षी मूल्यांकन मंडळापुढं स्वतःच्या घराची निंदा करायला गेलो होतो. भिंतीच्या भेगेचे सहा फोटो, गॅरेजमधल्या डागाचे दोन. माझ्या पुढच्या नंबरचा गृहस्थ कुंपणाचा कुजलेला तुकडाच पिशवीत घेऊन आला होता. त्याचं काम झालं. फोटोपेक्षा वस्तू बरी, हे मी लक्षात ठेवलंय.

आता मतपत्रिकेकडे. आमच्याकडे चार प्रस्ताव होते, ए ते डी. पूर्वी थाळी पद्धत होती : मेथीची भाजी हवी असेल तर बासुंदीचेही पैसे भरावे लागायचे. छप्पर, बस, अग्निशमन यंत्रणा आणि त्याच प्रस्तावात हळूच एक स्टेडियम. २०१९ पासून हजारापेक्षा जास्त प्रेक्षक बसणारं स्टेडियम, कलामंदिर, कॉम्प्युटर वगैरे गोष्टी वेगवेगळ्या वाढाव्या लागतात. ए मध्ये शाळांची बांधकामं आणि बस. बी मध्ये मुलांचे लॅपटॉप. सी म्हणजे स्टेडियम. आणि डी पुढे लिहिलं होतं, नॅटॅटोरियम.

बाबांनी हा शब्द तीनदा वाचला. “नाट्यटोरियम! बघ, याला म्हणतात शिक्षण. शाळेला स्वतःचं नाट्यगृह! याला मत द्यायचं, कर किती का वाढेना. सांगलीचा माणूस आहेस तू.”

सांगली म्हणजे नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली पहिलं मराठी नाटक केलं ते तिथं. त्या गावच्या माणसाला नॅटॅटोरियम म्हणजे पोहण्याचा तलाव, हे सांगताना माझी जीभ रेटेना. शेवटी माझ्या धाकट्या मुलीने सांगितलं. बाबा काही वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. “झाकलेला तलाव?” “हो.” “मग त्याला तलाव म्हणायला काय झालं होतं?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या घरात डी प्रस्तावाचं नाव नाट्यगृह हेच राहिलं.

स्टेडियमबद्दल त्यांना सांगताना मला जवळच्या ॲलन गावाचा दाखला द्यावा लागला. तिथं एका हायस्कूलसाठी १८,००० प्रेक्षकांचं फुटबॉल स्टेडियम आहे. २००९ साली मतदारांनी बॉण्ड मंजूर केला, ६ कोटी डॉलर खर्चून २०१२ मध्ये ते उघडलं. २०१४ मध्ये काँक्रीटला भेगा पडल्या म्हणून बंद केलं आणि दुरुस्ती होऊन पुढच्या वर्षी पुन्हा सुरू झालं. भेगा हा शब्द ऐकल्यावर बाबांना या देशात पहिल्यांदाच घरच्यासारखं वाटलं असावं. पण फुटबॉलला हसू नका. शुक्रवारी रात्री सगळं गाव मैदानावर असतं, आपली मुलंही असतात. फक्त चेंडू घेऊन नाही, क्लॅरिनेट घेऊन. आमची थोरली बँडमध्ये चार वर्षं वाजवत होती आणि त्या चार वर्षांत मला खेळाचा एकही नियम कळला नाही, पण मध्यंतर कधी होतं ते अचूक कळायचं.

मेच्या पहिल्या आठवड्याआधी शाळेच्या कॅफेटेरियात माहितीसभा झाली. मी बाबांना घेऊन गेलो. प्रिन्सिपलबाईंनी पडद्यावर गळणाऱ्या छताचा फोटो दाखवला, खाली निळी बादली. पुढचा फोटो, तीच बादली, भरलेली. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, “मग आम्ही याच्या बाजूने मत द्यावं का?”

बाईंचा चेहरा एकदम कोरा झाला. कायद्याने शाळा जिल्ह्याला सरकारी पैशाने प्रचार करता येत नाही, फक्त माहिती देता येते. “मी तुम्हाला वस्तुस्थिती सांगू शकते,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी बादलीचा तिसरा फोटो लावला.

बाबा खूश. “मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम आहे हा. ‘आम्ही काही म्हणत नाही, तुम्ही बघा, विचार करा,’ आणि तोवर चौथी पुरणपोळी वाढायची.”

सभेनंतर चहा-कॉफीच्या टेबलापाशी आमचे दोन शेजारी भेटले. एक आजोबा, सत्तरी पार केलेले, बॉण्डच्या कडक विरोधात. वास्तविक टेक्सासात पासष्टीनंतर राहत्या घराचा शाळा कर गोठतो; घरात मोठी वाढ केली नाही तर बॉण्ड आला काय, गेला काय, त्यांच्या बिलात एक सेंट फरक पडत नाही. मी हे नम्रपणे सुचवलं. ते म्हणाले, “प्रश्न तत्त्वाचा आहे.” दुसरा शेजारी पुण्याचा, कोथरूडचा पोरगा, एच-वन व्हिसावर, तीन मुलं याच शाळेत, घर आमच्यापेक्षा मोठं म्हणजे कर आमच्यापेक्षा जास्त. त्याला ए ते डी चारही प्रस्ताव तोंडपाठ होते, फक्त मत नव्हतं. ग्रीनकार्डच्या रांगेत उभ्या असलेल्या भारतीय माणसाला रांगेचं शेवटचं टोक दिसत नाही आणि त्यानंतरही नागरिकत्वाला पाच वर्षं.

मीही सतरा वर्षं तसाच होतो. कर भरायचा, मत द्यायचं नाही. प्रतिनिधित्व नाही तर कर नाही, असं म्हणत याच देशातल्या लोकांनी १७७३ साली बॉस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या होत्या. आपल्याकडून ते होणं शक्य नाही. चहा आहे तो. प्यायचा असतो.

घरी येताना बाबांचा तपासणीचा उत्साह शिगेला पोचला होता. सगळीकडे असंच चालतं का? असंच नाही. टेक्सासात निम्म्यापेक्षा एक मत जास्त पडलं की पुरे, वॉशिंग्टन राज्यात ६० टक्के लागतात, कॅलिफोर्नियात पूर्वी दोनतृतीयांश लागत, २००० सालापासून ५५ टक्के. आणि मंजुरीनंतर जिल्हा कर्ज कसं काढतो यात खरा खेळ. कॅलिफोर्नियातल्या पोवे शाळा जिल्ह्याने २०११ मध्ये साडेदहा कोटी डॉलरचे रोखे काढले, अशा तऱ्हेने की पहिली वीसेक वर्षं काही फेडायचंच नाही. सगळं मिळून फेड जवळजवळ १०० कोटींची. दर वाढणार नाही हे वचन त्यांनी पाळलं. फक्त कर्ज फेडणारी माणसं तेव्हा बालवाडीत होती. बोभाटा झाल्यावर २०१३ मध्ये राज्याने कायदा केला की व्याजासकट फेड मुद्दलाच्या चौपटीच्या वर जाता कामा नये.

“चौपट ही सवलत आहे?” बाबा म्हणाले. “आमचा सावकार बरा म्हणायचा. तो निदान तोंडावर सांगायचा.”

उलट गोष्टही आहे. ह्यूस्टनच्या शाळा जिल्ह्याने नोव्हेंबर २०२४ मध्ये ४४० कोटी डॉलरचा बॉण्ड मांडला, टेक्सासच्या शाळांच्या इतिहासातला तोवरचा सर्वांत मोठा. शाळांची डागडुजी खरोखर हवी होती. पण त्याच्या आदल्या वर्षी राज्याने जिल्ह्याचा कारभार ताब्यात घेऊन लोकांनी निवडलेल्या मंडळाच्या जागी आपली माणसं बसवली होती. विरोधकांनी घोषणा काढली ‘नो ट्रस्ट, नो बॉण्ड’ आणि दोन्ही प्रस्ताव पडले. तिथं बादलीचे फोटो कितीही दाखवले असते तरी उपयोग झाला नसता.

मेचा पहिला शनिवार. माझं पहिलं मतदान. मतदान केंद्राच्या दारापासून शंभर फुटांच्या आत प्रचार करायला बंदी आहे, म्हणून दोन्ही बाजूचे लोक बरोबर रेषेवर उभे, कबड्डीतल्या चढाईपटूसारखे एक पाय पुढे आणि तोल मागे. आत गेलो तर रांगच नाही. मेमधल्या या निवडणुकांना शंभरात दहा मतदारही येत नाहीत, असं अनेकदा होतं. ज्या गावात पार्किंगवरून तीन-तीनशे प्रतिक्रियांचं युद्ध पेटतं, तिथं शेकडो कोटींचा निर्णय मूठभर माणसं घेत होती आणि त्यातली अर्धी निवडणूक अधिकारी वाटत होती.

मी लायसन्स दाखवलं, मतपत्रिका घेतली. ए ला ‘बाजूने’. बादली डोळ्यांपुढं होती. बी ला ‘बाजूने’, जरा कुरकुरत. सी ला बराच वेळ थांबलो, क्लॅरिनेटची आठवण काढली आणि ‘विरुद्ध’. डी वर आलो. आमच्या घरात कुणाला पोहता येत नाही. तरी हात ‘बाजूने’कडे गेला. सांगलीचा माणूस.

बाहेर आल्यावर छातीवर लावायला ‘मी मतदान केलं’चा स्टिकर मिळाला. बाबांनी तो निरखून पाहिला. “शाई नाही?” “नाही.” “मग हा काढून दुसऱ्याला लावला तर?” मी उत्तर देईपर्यंत तो त्यांच्या बंडीवर गेलेला होता आणि दिवसभर तिथंच राहिला. संध्याकाळी कोथरूडचा पोरगा भेटला तेव्हा त्याने त्याकडे अशा नजरेने बघितलं की मलाच कसंतरी झालं.

रात्री निकाल लागला. सकाळी बाबा चहाचा कप घेऊन समोर बसले.

“छप्पर?”

“झालं मंजूर.”

“लॅपटॉप?”

“तेही.”

“स्टेडियम?”

“पडलं.”

“आणि नाट्यगृह?”

“तेही पडलं, बाबा. थोडक्यात.”

“म्हणजे तुझं मत पाण्यात गेलं.”

“कसलं? पाण्यात जायला आधी तलाव बांधावा लागतो.”